दिवा लावणार कोण?

संध्याकाळी सातच्या सुमाराला गावच्या मारुतीच्या देवळात आधी एक खटका ऐकू येतो. मग नगारा, त्यावर झांज, त्यावर दोन घंटा; सगळं एकदम आणि सगळं एका लयीत. वाजवणारं कुणी दिसत नाही. भिंतीशी एक लोखंडी चौकट पक्की केलेली असते. तिच्या तळाशी छोटी मोटर, त्यावर पट्टा, पट्ट्याने फिरणारा दांडा आणि दांड्यावर चढवलेली लंबगोल चाकं. चाकाचा फुगवटा टिपरीखाली आला की टिपरी वर उचलली जाते, फुगवटा सरकला की सुटते आणि नगाऱ्यावर आदळते. घंटांच्या साखळ्याही त्याच दांड्याला अडकवलेल्या. बटण एकच, चालू-बंद दोन्हीला. आरती संपून पुजारीबुवा निरांजन खाली ठेवतात आणि बटणापर्यंत जातात, तोवर चार-सहा ठोके फुकटचे वाजून जातात.

बुलडाणा जिल्ह्यात काय, उभ्या महाराष्ट्रात असं यंत्र आता नवलाचं राहिलेलं नाही. कुणी तरी देणगीदाखल ते बसवतं, चौकटीवर देणगीदाराचं नाव रंगवलं जातं आणि पाच-सहा वर्षांत ते देवळाचाच भाग होऊन जातं. ते का आणलं, असं विचारलं की वऱ्हाडी उत्तर सरळ येतं: पोट्टे पुण्याले गेले, वाजवनार कोन?

उत्तर खरं आहे, म्हणून ते हसण्यावारी नेता येत नाही. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे. जे काम देवासाठी करायचं ते यंत्राने केलं तर ते झालं का? आणि झालं असेल तर ते कुणाच्या नावावर जमा?

हा प्रश्न आता नगाऱ्यापुरता राहिलेला नाही. हलती शिल्पं आणि माणसाला प्रतिसाद देणारे दिवे घडवणारे डिझाइनर शहरांत तयार झाले आहेत. त्यांची हत्यारं सुतार-तांबटांच्या हत्यारांहून वेगळी आहेत. संगणकावर आकृती काढायची, लेझरने प्लायवुड किंवा अ‍ॅक्रिलिक कापायचं, अवघड सांधे थ्रीडी प्रिंटरवर छापायचे, आत एक सेन्सर आणि अंगठ्याएवढी मोटर बसवायची. हात जवळ नेला की कमळाच्या पाकळ्या उघडतात आणि आत उजेड पडतो. हात मागे घेतला की पाकळ्या मिटतात. नेदरलँड्सचा थिओ यान्सन १९९० पासून प्लास्टिकच्या नळ्यांचे, वाऱ्यावर चालणारे प्राणी समुद्रकिनाऱ्यावर सोडतो आहे. त्यांच्या पायांतल्या नळ्यांची नेमकी प्रमाणं त्याने संगणकाकडून शोधून घेतली आणि त्या आकड्यांना तो ‘पवित्र संख्या’ म्हणतो. मुंबईच्या सुदर्शन शेट्टींच्या यंत्रशिल्पांनीही हालचालीला कलादालनात जागा मिळवून दिली. यातलं काही वऱ्हाडापासून फार लांब आहे, असं मानायचं कारण नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे अशाच हत्यारांची कार्यशाळा, उभी राहिली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या बाहेरची ती पहिली. त्याच १९८३ साली शेगावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. म्हणजे लेझरने कापलेलं कमळ आणि गजानन महाराजांची समाधी यांच्यात आता दोन-चार किलोमीटरचंसुद्धा अंतर उरलेलं नाही.

यंत्र आलं आणि भक्ती गेली, हा सूर लावणं सगळ्यांत सोपं. पण तो इतिहासाला धरून नाही. मुंबईजवळ जोगेश्वरीला सापडलेला एक टांगता दिवा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो साधारण बाराशे वर्षांपूर्वीचा मानला जातो. साखळीला टांगलेला पितळी हत्ती, त्यावर स्वार आणि खाली दिव्याचं तबक. हत्तीचं पोट पोकळ. त्यात तेल भरून ठेवायचं. तबकातली पातळी उतरली की हत्तीच्या पोटातून तेवढंच तेल आपोआप खाली येतं आणि पातळी सावरली की थांबतं. वीज नाही, पट्टा नाही. नुसता हवेचा आणि द्रवाचा दाब. नंदादीप विझू नये म्हणून रात्री दोनदा उठणाऱ्या कुणाची तरी झोप त्या हत्तीने वाचवली असणार. त्या काळी कुणी ओरड केली असेल, तर तिची नोंद मागे राहिलेली नाही.

पुढे अकराव्या शतकात धारचा राजा भोज ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रांना देतो. त्यात दिव्याभोवती तालात फिरत त्यात तेल घालणारी बाहुली आहे. आजच्या भाषेत हलतं शिल्प आणि दिवा, दोन्ही एकाच वस्तूत. ती कशी बांधायची, हे मात्र भोज पुरतं सांगत नाही. वर आपण अज्ञानापोटी नव्हे तर गुप्ततेसाठी गप्प आहोत, असा खुलासाही करतो. पेटंट कार्यालयाच्या कित्येक शतकं आधी पेटंटवाल्यांची तब्येत त्याला अवगत होती!

तेव्हा आपोआप जळणारा दिवा हा बाहेरून आलेला विचार नाही. खरा पेच वेगळीकडे आहे आणि तो सोडवायला एका अनपेक्षित ठिकाणी मदत मिळते. ते ठिकाण म्हणजे पूर्वमीमांसा, जिच्याइतकं कोरडं शास्त्र भारतात दुसरं झालं नसेल. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात, तिसऱ्या पादात, प्रतिनिधीची चर्चा आहे. यज्ञात सांगितलेली वस्तू मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरी चालेल का? चालेल, असं उत्तर आहे. व्रीही, म्हणजे सांगितलेला तांदूळ नसेल तर नीवार, म्हणजे रानातलं आपोआप उगवलेलं भात घ्यावं. काम अडवू नये. मात्र ही सवलत सरसकट नाही. देवता बदलता येत नाही. अग्नी बदलता येत नाही. मंत्र आणि विहित क्रिया बदलता येत नाहीत. आणि आणखी एकाला पर्याय नाही: यजमानाला. कारण संकल्प त्याचा, सोडायचं द्रव्य त्याच्या मालकीचं आणि फळही त्याचंच. ऋत्विज, म्हणजे यज्ञ करणारे पुरोहित, भाड्याने मिळतात. ते हातांनी सगळं करतात, दक्षिणा घेतात, घरी जातात. पण ज्याच्यासाठी हे चाललं आहे, त्याच्याऐवजी कुणी बसला तर कर्मच उरत नाही.

सत्रासाठी, म्हणजे अनेकांनी मिळून करायच्या यज्ञासाठी, एक अपवाद केला आहे आणि तो मोठा गमतीचा आहे. सत्रात निदान सतरा जण यजमान म्हणून बसतात. मध्येच एक दगावला तर संख्या भरायला दुसरा घेता येतो. मात्र तो स्वामी होत नाही, फळ त्याला मिळत नाही. तो जागा भरतो, इतकंच. देवळातला नगारा वाजवणारी मोटर त्या सतराव्या माणसाच्या जातीची आहे. ती जागा भरते.

आता कुणी म्हणेल, खेड्यातल्या मारुतीच्या आरतीला श्रौतयागाचे नियम कशाला? आक्षेप रास्त आहे. मीमांसकांचा अग्नी हा विधिपूर्वक स्थापन केलेला, काडेपेटीतला नव्हे. त्यामुळे एलईडीची समई चालेल की नाही, याचा निकाल जैमिनीकडून मागू नये. गाभाऱ्यात विजेचा बल्ब शिरला तेव्हा कुणी धर्मसभा भरवली नव्हती. पण त्या कोरड्या चर्चेतून एक वाटणी मात्र हाती लागते आणि ती फार उपयोगी आहे. साधन बदललं तर बदलू द्या. जो अर्पण करतो आहे, त्याची जागा रिकामी करू नका.

ही वाटणी लावून पाहिली की निकाल लगेच वेगवेगळे पडू लागतात. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिळ्ळी श्रीकृष्ण मंदिराला फेब्रुवारी २०२३ मध्ये आठशे किलोचा यांत्रिक हत्ती मिळाला. तो कान हलवतो, सोंडेने पाणी उडवतो. मंदिराने जिवंत हत्ती न ठेवण्याचा निर्णय केला. इथे यंत्र कुणाच्या जागी आलं? साखळदंडात उभं राहून फटाके आणि ढोल सोसणाऱ्या एका मुक्या जनावराच्या. त्या हत्तीने कधी संकल्प सोडला नव्हता. तो साधन होता आणि साधनाला पर्याय चालतो. इथे तर तो यायलाच हवा होता.

वऱ्हाडातला नगाराही असाच एका बाजूने पाहता येतो. देवळात वाजवण्याचं काम पिढ्यानपिढ्या ठरावीक घरांकडे असायचं. महाराष्ट्रात ठिकठिकाणी ते गुरवांकडे होतं. मानाचं म्हणायचं, पण सुटी नसलेलं. त्या घरच्या मुलाने शिकून बँकेत जायचं ठरवलं आणि त्याच्या जागी मोटर आली, तर त्यात दुःख करण्यासारखं काय आहे? ज्यांना कधी टिपरी धरावी लागली नाही, त्यांनीच जुन्या दिवसांच्या आठवणीने उसासे टाकावेत, हे बरं दिसत नाही. गाऱ्हाणं त्या मुलाविरुद्ध नाहीच. ते उरलेल्यांविरुद्ध आहे, जे गावात आहेत, सात वाजता मोकळे आहेत आणि पारावर बसून मोबाइल पाहत यंत्राचा नगारा ऐकत आहेत.

२०१७ साली पुण्यात पाटील ऑटोमेशन या कंपनीने गणेशोत्सवात यंत्रबाहूकडून गणपतीची आरती करवली. कारखान्यात सुटे भाग उचलणारा बाहू तबक घेऊन अगदी नेमका गोल ओवाळत होता. त्याच वर्षी जर्मनीत विटेनबर्गला, ल्यूथरच्या धर्मसुधारणेच्या पाचशेव्या वर्षाच्या सोहळ्यात, ‘ब्लेसयू-टू’ नावाचा यंत्रमानव उभा केला होता. पडद्यावर भाषा निवडायची; मग तो दोन्ही हात वर करायचा, तळव्यांतून उजेड यायचा आणि आशीर्वादाचे शब्द ऐकू यायचे. तो ठेवणाऱ्या चर्चचा हेतू पाद्र्यांना निवृत्त करण्याचा नव्हता. लोकांनी भांडावं, हाच हेतू होता, आणि लोक भांडले. पुण्यात मात्र बहुतेकांनी मोबाइलवर चित्रफीत काढली आणि पुढे पाठवली. आपल्याकडे यंत्राचं कौतुक होतं, वाद होत नाही. तो व्हायला हवा.

वादाला उत्तम मुद्दा गीतेतच आहे. अठराव्या अध्यायाच्या एकसष्टाव्या श्लोकात कृष्ण सांगतो की ईश्वर सर्वांच्या हृदयात बसून, यंत्रावर चढवल्यासारखं सगळ्या भूतांना मायेने फिरवतो आहे. आपल्याकडचे संत हे कळसूत्री बाहुलीच्या दाखल्याने समजावत आले. आता ही भूमिका खरी धरली तर पंचाईत होते. माणूसच यंत्रावर चढवलेला असेल, तर टिपरी धरणारा हात आणि टिपरी उचलणारं लंबगोल चाक यांत फरक कोणता? ‘कर्ता-करविता तोच’ असं म्हणणाऱ्या भाविकाने मोटरला नाकं मुरडायचं कारणच काय?

या पेचातून सुटायला दोनच श्लोक पुढे जावं लागतं. बासष्टाव्यात अर्जुनाला त्याच ईश्वराला सर्वभावाने शरण जायला सांगितलं आहे आणि त्रेसष्टाव्यात म्हटलं आहे की मी सांगितलं त्याचा पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसं कर. यंत्राचा दृष्टांत दिल्यावर लगेच ‘तुझी इच्छा’! ज्याला फिरवलं जात आहे त्यालाच निवड सोपवली जाते. भाष्यकारांनी ही गाठ आपापल्या परीने सोडवली आहे. इथे एवढंच पुरे की शरण जायचं की नाही, हा प्रश्न ज्याला विचारता येतो तो आणि ज्याला विचारता येत नाही तो, या दोघांना गीता एका मापाने मोजत नाही. मोटरला ‘विचार कर आणि ठरव’ असं कुणी सांगत नाही. न येण्याची मुभा असलेला माणूस संध्याकाळी सात वाजता देवळात येतो, यातच त्याच्या येण्याची सगळी किंमत आहे. नगारा-यंत्र रोज येतं, कारण त्याला दुसरीकडे कुठे जायचंच नसतं.

उजेडाच्या बाबतीत हाच फरक दगडात पाहायचा तर लोणारला जावं. उल्कापाताने झालेल्या सरोवरामुळे लोणार जगाला माहीत आहे. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्या मानाने कमी जणांना. लवणासुराला मारणारा विष्णू, भोवती काळ्या दगडावर दाट कोरीव काम आणि आत डोळे सरावेपर्यंत काही दिसू नये असा काळोख. मे महिन्याच्या मध्याला काही दिवस सूर्याचे किरण या काळोखातल्या मूर्तीवर उतरतात आणि लोक ते पाहायला थांबतात. लोणार विसाव्या अक्षांशाच्या अगदी लगत आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य तिथे जवळजवळ डोक्यावर असतो. बांधणाऱ्यांना हे आकाश पाठ असल्याशिवाय मूर्तीपर्यंतची वाट उजेडाला मोकळी राहिली नसती. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव याहून प्रसिद्ध: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. दोन्हीकडे हलणारा भाग एकच, सूर्य. देऊळ वाट पाहतं. आणि तारखा सूर्याच्या, तिथीच्या नाहीत.

अयोध्येत याच्या नेमकं उलट करावं लागलं. १७ एप्रिल २०२४ ला, रामनवमीला, भर दुपारी बारा वाजता रामलल्लाच्या कपाळावर सूर्यतिलक पडला. रुरकीची केंद्रीय भवन अनुसंधान संस्था आणि बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था यांनी मिळून ही योजना आखली. वरच्या मजल्यावर आलेला किरण आरसे आणि भिंगं यांच्यातून वळवत खाली गाभाऱ्यात आणला जातो. वीज लागत नाही. अडचण होती ती पंचांगाची. रामनवमी चांद्रतिथीने येते, म्हणजे इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते, म्हणजे त्या दिवशी दुपारी बाराला सूर्य आकाशात दर वर्षी थोड्या वेगळ्या उंचीवर असतो. स्थिर झरोका ठेवला तर तो एखाद्याच वर्षी साधेल. तिथी आणि तारीख यांची गाठ साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळते, म्हणून पहिला आरसा दर वर्षी दात्यांच्या चाकाने थोडा फिरवून बसवता येईल अशी रचना केली. एकोणीस वर्षांच्या एका फेऱ्याचं हलतं शिल्पच म्हणायचं ते.

कुणाला लोणारचा किरण खरा आणि अयोध्येचा ‘बनवलेला’ वाटेल. तसं ते नाही. लोणारचा झरोकाही बनवलेलाच आहे. दगड आपोआप त्या कोनात बसत नाहीत. उलट अयोध्येच्या यंत्रात एक गोष्ट लोणारपेक्षा जास्त आहे: दर वर्षी कुणी तरी जाऊन, गणित करून, आरसा हलवायचा आहे. ज्या यंत्राला वर्षातून एकदा जाणता माणूस लागतो, त्याने माणसाला हाकललं असं म्हणता येत नाही. कोल्हापुरात तर आरसाही नाही, तरी माणसं लागतातच. किरणांच्या वाटेत आलेल्या इमारतींचे भाग आणि फलक हटवण्यासाठी तिथे वर्षानुवर्षं खटपट करावी लागली आहे. शेजाऱ्याने वाट दिल्याशिवाय सूर्यसुद्धा देवीपर्यंत पोहोचत नाही.

शेजाऱ्याचा विषय निघाला की शेगाव आठवणारच. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात प्रकटले आणि ८ सप्टेंबर १९१० ला त्यांनी समाधी घेतली. दासगणूंनी १९३९ साली लिहिलेल्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथातली जानकीराम सोनाराची गोष्ट जिल्ह्यातल्या घराघरांत माहीत आहे. अक्षय्य तृतीयेचा दिवस. महाराजांना चिलीम ओढायची होती, मुलं विस्तव मागायला जानकीरामाच्या दुकानात गेली. सोनाराच्या भट्टीत विस्तव असतोच. पण सणाच्या दिवशी विस्तव देणं अशुभ, असं म्हणून त्याने मुलांना परत पाठवलं. मग महाराजांनी भक्त बंकटलालला चिलमीवर नुसती काडी धरायला सांगितली आणि विस्तवावाचून चिलीम पेटली. इकडे जानकीरामाच्या घरच्या चिंचवण्यात अळ्या पडल्या, पंगत उठली, तो धावत माफी मागायला आला.

शिर्डीची कथा याच सांगाड्यावर आहे. दाभोलकरांच्या ‘साईसच्चरिता’त वाण्यांनी तेल द्यायचं नाकारलं आणि साईबाबांनी पाण्यावर मशिदीतले दिवे पेटवले. दोन्ही गोष्टी सांगताना लोकांचा सगळा भर चमत्कारावर असतो: काडीने पेटली, पाण्याने पेटले. पण गोष्ट सुरू होते ती नकाराने. पूर्वी प्रत्येक घरी काडेपेटी नसायची. चूल विझली तर शेजारच्या घरी तवलीत किंवा शेणीवर विस्तव मागून आणायचा, ही रीत होती. आग ही मागायची आणि द्यायची वस्तू होती. जानकीराम चुकला तो विस्तव आवरून ठेवण्यात. संताला विस्तव लागतच नव्हता, हे गोष्टीनेच दाखवलं. लागत होता तो जानकीरामाचा हात.

गेल्या काही दिवाळ्यांपासून खामगाव-चिखलीच्या बाजारात ‘पाण्यावर लागणारे’ प्लास्टिकचे दिवे ढिगाने मिळतात. उलटून पाहिले तर तळाशी धातूची दोन टोकं बाहेर आलेली दिसतात. आत एक छोटी बॅटरी, एक पिवळा एलईडी. पणतीत पाणी ओतलं की पाण्यातून दोन टोकं जोडली जातात, मंडल पुरं होतं आणि दिवा लागतो. पाणी ओतून टाकलं की विझतो. लहान मुलं ते दहा वेळा करतात. शिर्डीचा चमत्कार असा किरकोळ किमतीत हातगाडीवर आला, यात श्रद्धेची टिंगल बघणारे बघोत. त्या दिव्यात एक गोष्ट मात्र मोठ्या डिझाइनरच्या कमळासारखीच आहे: कुणी पाणी घातल्याशिवाय तो लागत नाही. त्याला मूल लागतं.

इथेच या साऱ्या चर्चेचा निकाल आहे, असं प्रस्तुत लेखकाचं मत. यंत्रांचे दोन गट करावेत, पण जुनी-नवी किंवा देशी-परदेशी असे नकोत. एका गटातली यंत्रं माणूस गेल्यावरही चालू राहावीत म्हणून बनवलेली असतात. दुसऱ्यातली माणूस आल्याशिवाय चालू होत नाहीत. जोगेश्वरीचा हत्ती पहिल्या गटातला वाटतो, पण त्याचंही पोट कुणी तरी भरावंच लागतं, म्हणून तो कुंपणावर. वेळ लावून ठेवलेली विजेची समई, आरतीची ध्वनिफीत आणि नगारा-यंत्र पहिल्या गटात. हात जवळ आल्यावर उमलणारं कमळ दुसऱ्या गटात. ज्यांना लेझरने कापलेला, सेन्सर बसवलेला दिवा देवघरात बघवत नाही, त्यांनी आधी आपल्याच देवळातली मोटर बघावी. शास्त्राला ज्या एका माणसाला पर्याय मान्य नव्हता, त्याला ती मोटर सुट्टी देते आणि हे कमळ बोलावून घेतं.

जिल्ह्यातच याला एक छेद देणारं उदाहरण आहे आणि ते लपवणं बरं नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेलाच घटमांडणी होते. शेतात गोल घट करून सभोवती अठरा धान्यं मांडायची, मध्ये ढेकळांवर पाण्याची घागर, त्यावर पापड, करंजी, वडा वगैरे, आणि रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे धान्यं किती सरकली, काय जागचं हललं, यावरून पावसाचं नि पिकांचं भाकीत सांगतात. इथे माणसाचा हात नसणं हाच पुरावा मानला जातो. अंधश्रद्धा निर्मूलनवाले याला विरोध करतात आणि हवामानाच्या अंदाजासाठी कुणी त्यावर विसंबू नये हे खरंच. पण माणूस बाजूला झाला की देव बोलतो, ही कल्पना किती खोलवर रुजलेली आहे, ते भेंडवळला दिसतं. तिबेटी बौद्धांकडे तर ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी प्रार्थनाचक्रं आहेत. चक्र फिरतं, मंत्र फिरतो, पुण्य सगळ्या प्राण्यांना जातं आणि कुणाचा हात लागला का, हे तिथे कुणी विचारत नाही. त्यांच्या श्रद्धेत ते बसतं, कारण तिथे पुण्य एका यजमानाच्या खात्यावर लावायचंच नाही. आपल्या आरतीत मात्र प्रत्येक जण शेवटी तबकावरून हात फिरवून स्वतःच्या डोळ्यांना लावतो. खातं प्रत्येकाचं वेगळं आहे. मग हजेरीही ज्याची त्याने लावायला हवी.

शेगावच्या संस्थानाला हे फार आधीपासून कळलेलं दिसतं. शेगाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहे. गाडीत बसलं तर पंढरपूरच्या बाजूला जाणं अवघड नाही. तरी दर वर्षी आषाढीसाठी पालखी पायी निघते, महिनाभर चालते आणि परतही पायीच येते. परतीच्या शेवटच्या टप्प्यात खामगाव ते शेगाव चालायला लाखो माणसं जमतात, त्यांतल्या कित्येकांच्या दारात मोटरसायकल उभी असते. मंदिरातही हजारो सेवेकरी पाळीपाळीने येतात, चपला सांभाळतात, फरशी पुसतात, पंगतीत वाढतात, आणि मोबदला घेत नाहीत. फरशी पुसायचं यंत्र बाजारात मिळतं आणि संस्थानाला ते परवडत नाही, असं कुणी म्हणणार नाही. विदर्भातच गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन गावं झाडली. रस्ता स्वच्छ व्हायला हवा होता, हे तर खरंच. पण झाडताना गाव बघत होतं आणि हळूहळू खराटे वाढत होते, हेही तितकंच खरं.

नगारा-यंत्र काढून टाका, असं म्हणण्यात अर्थ नाही. ज्या देवळात पुजाऱ्याखेरीज कुणीच येत नाही, तिथे म्हाताऱ्या माणसाला दोन हातांत चार कामं करायला लावणं ही भक्ती नव्हे. एक दुरुस्ती मात्र करता येईल. यंत्राला माणूस ओळखणारा साधा सेन्सर जोडावा, समोर निदान पाच जण उभे राहिल्याशिवाय मोटर सुरू होऊ नये आणि पाचांतल्या एकाने टिपरी उचलली तर मोटर आपण होऊन थांबावी. माणसाची नुसती हालचाल टिपणारा सेन्सर शे-दोनशे रुपयांत मिळतो, पाच माणसं मोजायला मात्र थोडी जास्त खटपट लागेल. शेगावच्या अभियांत्रिकीतल्या मुलांना हे एका सत्राच्या प्रकल्पात सहज जमेल. मंदिर समित्यांनी त्यांना बोलावून बघावं.